न काढलेलं तिकीट

हाटपिपल्यात जुगारी नाहीत, असं म्हणायचं धाडस मी करणार नाही. पण एक छदाम न लावता रोज हरणारा माणूस गावात एकच, आणि तो आमच्या भिंतीला भिंत लावून राहतो. आम्ही त्यांना काका म्हणतो. घराणं मूळ नगरकडचं, मराठी ख्रिस्ती. कॅनेडियन प्रेस्बिटेरियन मिशननं 1877 मध्ये इंदुरात बस्तान बसवलं. पुढे केव्हातरी काकांचे आजोबा मास्तरकीसाठी माळव्यात आले आणि इथलेच झाले. त्यामुळे काकांच्या बोलण्यात ‘पाप’ नगरचं असतं आणि ‘भिया’ इंदूरचा.

जुगार म्हणजे पाप, यावर काकांशी वाद घालायची सोय नाही. दहाव्या आज्ञेपासून सुरुवात होते. दुसऱ्याच्या मालाचा लोभ धरू नये, भाकरी घाम गाळून खावी. मग आवाज खाली येतो. “जिंकलेला रुपया आभाळातून पडत नाही भिया. कुणाच्या तरी लेकराच्या दुधातून येतो.” हे ते इतकं मनापासून सांगतात, की नाक्यावर पत्ते कुटणारी पोरंसुद्धा क्षणभर हात थांबवतात. मग पुढचं पान टाकतात.

अडचण एवढीच, की काका तिकीट काढत नसले तरी नंबर काढतात.

रविवारी बसनं देवासला उपासनेला जायचं. तिथे भिंतीवर त्या दिवशीच्या गीतांच्या क्रमांकांची पाटी असते. समजा 214, 67 आणि 109. बाकीची मंडळी पुस्तकाची पानं उलटतात. काका शेवटचे आकडे उचलतात, 479. घरी आले की शंभर पानी वही उघडते. तिच्या पुठ्ठ्यावर सुवाच्य अक्षरात ‘वाचलेले पैसे’ असं लिहिलंय. आत रेघा मारून चार रकाने: तारीख, मनातला नंबर, न काढलेल्या तिकिटाची किंमत, निकाल. महाराष्ट्राची राज्य लॉटरी 1969 पासून चालू आहे, तिचा निकाल नगरचा पुतण्या फोनवर कळवतो. नंबर हुकला की तिकिटाची किंमत ‘वाचली’ म्हणून जमा. वहीच्या हिशेबानं काका बरेच श्रीमंत आहेत.

एकदा मात्र शेवटचे तिन्ही आकडे जुळले. काका न जेवता भिंतीकडे तोंड करून पडले. काकू घाबरल्या. “अहो, कोण गेलं?”

“सात हजार.”

काकू काहीच बोलल्या नाहीत, तेव्हा काकांनीच कूस बदलली. “त्यातला दशमांश तर प्रभूचाच होता ना! सातशे रुपयांचं त्याचंही नुकसानच.”

शास्त्रार्थाला काका कच्चे नाहीत. यहूदाच्या जागी बारावा प्रेषित निवडायचा होता, तेव्हा शिष्यांनी चिठ्ठ्याच टाकल्या आणि मत्थियाचं नाव निघालं, हा त्यांचा हुकमी एक्का. (हा शब्द त्यांच्यासमोर वापरू नये.) त्यावर काकूंनी भाकरी उलटता उलटता एवढंच म्हटलं, “वधस्तंभाखाली प्रभूच्या झग्यासाठी शिपायांनी पण चिठ्ठ्याच टाकल्या होत्या. तुमची वही कोणत्या बाजूची?” काका त्या दिवशी लवकर झोपले.

वसईचे साडू कॅथलिक. ते आले की यांची पंचाईत होते. तिकडे लग्नात, सणात हौजी रंगते आणि साडू निवांतपणे सांगतात, की त्यांच्या चर्चच्या शिकवणीत नशिबाचा खेळ मुळातच वाईट मानलेला नाही. स्वतःच्या नि घरच्यांच्या गरजेचा पैसा त्यात गेला किंवा माणूस त्याचा गुलाम झाला, की तो वाईट. काका विजयी मुद्रेनं म्हणतात, “मी तर दमडी घालवत नाही!” साडू वहीकडे बघतात आणि चहाचा घोट घेतात.

आता खऱ्या जुगाराचं सांगतो. 2024 मध्ये सोयाबीनचा हमीभाव 4,892 रुपये क्विंटल होता आणि बाजार त्याच्या बराच खाली. काकांनी चाळीस कट्टे माजघरात रचून ठेवले. “भाव येणार भिया.” भाव आला नाही, घुशी आल्या. पण याला जुगार म्हटलं की काका भडकतात. हा व्यवहार! इंदूरच्या सेठ हुकुमचंदांनी कापसाच्या सट्ट्यात नाव काढलं, त्यांना काय कुणी जुगारी म्हटलं? डोल ग्यारसीला भमोरी नदीत नृसिंहाची पाषाणमूर्ती तीनदा सोडतात आणि ती किती वेळा तरली, त्यावरून गाव वर्षाचा अंदाज बांधतं. काका नदीवर जात नाहीत. ओट्यावर उभं राहून परतणाऱ्या प्रत्येकाला विचारतात, “किती?” श्रद्धेचा प्रश्न नाही, म्हणतात, कट्ट्यांचा आहे.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये, म्हणजे 2025 च्या, पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ केंद्रानं कायद्यानं बंद केले. काकांना आनंद व्हावा, तर ते दोन दिवस गुमसुम. मोबाइलवर ते रोज मनातल्या मनात अकरा जणांची टीम लावून ती न खेळण्याचा संयम राखत होते. “आता न खेळण्यात पुण्य काय राहिलं? सरकारनंच खेळू दिलं नाही!”

शेवटी काकूंनी डोंगरावरचं प्रवचन काढलं. नुसत्या वाईट नजरेनं पाहिलं तरी मनात पाप घडून गेलं, हे प्रभूचं म्हणणं त्यांनी लॉटरीला लावलं. “मनात तिकीट काढलंत ना? मग मनातच हरलात. भरा दहा रुपये.” फडताळात बिस्किटांचा पत्र्याचा डबा ठेवला. वहीत नंबर लिहिला की डब्यात दहाची नोट किंवा नाणं. नाताळला डबा उघडायचा आणि ज्या घरात चूल थंड असेल तिथे द्यायचा. वही बंद पडेल असं काकूंना वाटलं होतं. काका इमानानं भरत राहिले.

डबा उघडायच्या आदल्या रात्री काकांनी मला ओट्यावर गाठलं. डबा काखेत होता. त्यांनी तो कानाशी धरून हलवला, डोळे मिटले. “1,350. पैज नाही हं, नुसता अंदाज.”

निघाले 1,340. काकांनी नाताळचा केक तोंडात घातला नाही.