अतितातडीचे : दुपारी दीडनंतर वाचावे

वेळ वाचवण्याची नवी युक्ती आमच्या पोंभुर्णा तालुक्यापर्यंत येऊन पोचली. मोबाइल टिंग वाजला की लगेच बघायचा नाही. दिवसभराची टिंगटिंग साठू द्यायची आणि सकाळ, दुपार, संध्याकाळ अशा तीन हप्त्यांत उरकून टाकायची. म्हणजे लक्ष ठिकाणावर राहतं, कामं भराभर होतात. हे सांगायला शहरातून एक तज्ज्ञ आले, शाल-नारळ झालं, चहा-पोहे झाले आणि त्याच संध्याकाळी व्याख्यानाचा गोषवारा तालुक्यातल्या झाडून साऱ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडला. वर ठळक अक्षरांत ‘अतितातडीचे’. खाली मजकूर : मेसेज तातडीने बघू नयेत. त्यावर सगळ्यांनी तातडीने ‘नोटेड सर’ लिहिलं. ज्यांनी लिहिलं नाही, त्यांना रात्री नऊ वाजता विचारणा झाली.

युक्ती खोटी नाही. २०१९ साली २३७ लोकांवर केलेला एक प्रयोग छापून आला होता. दिवसातून तीनदा, ठरल्या वेळी नोटिफिकेशन मिळालेली माणसं जास्त कामसू आणि आनंदी निघाली. ज्यांची नोटिफिकेशनं पार बंद केली, ती मात्र कासावीस झाली. २०२१ पासून आयफोनात ही सोय आहे : वेळ लावून ठेवा, सगळा गठ्ठा त्या वेळी हातात. आमचं म्हणणं एवढंच की, त्यासाठी आयफोन कशाला? पोंभुर्णा तालुक्यात जरा आत, जंगलाच्या कडेला राहायला या. सोय फुकट आहे.

इथे हप्ते टॉवर पाडतो. लाइन गेली की टॉवर झोपतो, लाइन आली तरी त्याची झोप पुरी व्हायची असते. आशाताई, अंगणवाडीताई, गुरुजी, ग्रामसेवक सकाळी गावात शिरले की त्यांचा फोन मुका. दुपारी परत येताना रस्त्यावरचा एक ठरलेला रपटा लागतो. तिथे गाडी उभी करायची, फोन डोक्याच्या वर धरायचा आणि थांबायचं. रेंज येते. सकाळपासूनचं सगळं एकदम कोसळतं.

हा गठ्ठा एकदा जवळून बघा. पहिला मेसेज : ‘अतितातडीचे. सोबतच्या तक्त्यात माहिती ११ वाजेपर्यंत भरावी.’ तक्ता उघडत नाही. दुसरा : ‘स्मरणपत्र १.’ तिसरा : ‘स्मरणपत्र २. ही बाब गंभीर आहे.’ चौथ्यात माहिती न देणाऱ्यांची यादी, आशाताईंचं नाव तिसरं. पाचवा : ‘आपणांवर कारवाई का करण्यात येऊ नये, याचा लेखी खुलासा १ वाजेपर्यंत सादर करावा.’ सहावा : ‘वरील तक्ता शेजारच्या तालुक्याचा असून नजरचुकीने या ग्रुपवर पडला. कृपया दुर्लक्ष करावे.’ आणि त्याखाली जोडलेले हात, अंगठे, पुन्हा जोडलेले हात. म्हणजे रपट्यावर उभ्या असलेल्या ताईंच्या हातून कसूर झाली, नोटीस निघाली, चौकशी झाली आणि त्या निर्दोष सुटल्या, एवढं सगळं हातातला बिस्किटाचा पुडा संपायच्या आत. आता तालुक्याच्या गावी, भरपूर रेंजमध्ये बसलेल्यांचं काय झालं ते ऐका. त्यांनी अकराच्या आत तक्ता भरला. माहिती नव्हती, तर मागच्या वर्षीची टाकली. तीही नव्हती, तर अंदाजे टाकली. एकाने खुलासाही पाठवून दिला, कारण खुलासा मागितला की द्यायचा, कशाचा ते नंतर बघू. शेजारच्या तालुक्याची माहिती आमच्या माणसांनी इतकी चोख भरली की, ती तशीच पुढे जिल्ह्याला गेली असेल तर मला नवल वाटणार नाही. दोघांकडेही माहिती मागितली गेली नव्हती. फरक इतकाच की, रेंज नसलेल्या ताईंनी तोवर चार घरच्या बाळंतिणी पाहिल्या.

हे सगळं ‘अतितातडीचे’ का असतं, यावर कुणी बोलत नाही. वृक्षारोपणाचे फोटो अतितातडीचे. रांगोळी स्पर्धेची माहिती अतितातडीची. निरोप समारंभाची वर्गणीसुद्धा अतितातडीचीच. पूर्वी तार होती. अर्जंट तारेला जास्त पैसे पडायचे आणि शब्द मोजले जायचे, म्हणून माणूस अत्यवस्थ झाल्याशिवाय लोक अर्जंट तार करत नसत. २०१३च्या जुलैत तार बंद झाली आणि घाई फुकट वाटली जाऊ लागली. तज्ज्ञ सांगून गेले, महत्त्वाचे मेसेज वेगळे लावून ठेवा. वेगळे कुठले लावायचे, साहेब? सगळ्यांच्याच कपाळावर तोच शिक्का आहे.

पण त्याच गठ्ठ्यात, स्मरणपत्र २ आणि गुलाबाच्या फुलातल्या ‘शुभ सकाळ’च्या मध्ये, गावातल्या एका पोराने सकाळी पावणेसहाला टाकलेला एक मेसेज असतो : ‘बोडीच्या बाजूने वाघ गेला. बांदीकडे कोणी जाऊ नका जी.’ त्यावर शिक्का नाही. शिक्का मारणं त्या पोराला जमलंच नाही. दीड वाजता ताई तो वाचतात, तेव्हा धानाच्या रोवणीच्या बाया सकाळपासून बांदीतल्या चिखलात वाकून उभ्या असतात, पाठ जंगलाकडे. उन्हाळ्यात तेंदूपत्त्याला तर अंधारातच निघावं लागतं. २०२५च्या १० मे रोजी याच जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यात, पत्ता तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच हल्ल्यात गेल्या. शहरात मेसेज उशिरा पाहिला तर मीटिंग हुकते. इथे काय हुकतं ते सांगायला व्याख्यान लागत नाही. आणि ज्या टॉवरला एक वाक्य वेळेवर पोचवता येत नाही, त्याच टॉवरच्या भरवशावर सकाळी अकराला तक्ते मागवणाऱ्यांनी आम्हाला वेळेचं नियोजन शिकवावं, ही शुद्ध बेशरमी आहे. वेळ आमचा वाया जात नव्हता. तो तुम्ही घालवत होता, दर दहा मिनिटांनी, ठळक अक्षरांत.

तज्ज्ञांची युक्ती चालू द्या, पण पाठवणाऱ्यांवर. साहेबांनी दिवसातून तीनदाच मेसेज टाकावेत, आणि ‘अतितातडीचे’ लिहिलं की दर खेपेला खिशातून दहा रुपये भरावेत. त्या पैशांतून टॉवरला बॅटरी घ्या. आणि गावच्या पोरांनो, वाघ दिसला तर ग्रुपवर टाकू नका गा. फोन करा. लागला नाही, तर पळत जा आणि धुऱ्यावरून ओरडून सांगा.