नानांचं 'पाटील'

आमचे साडू नाना यांना वेळ विचारू नये. विचारलीच, तर ते डावी बाही हळूच मागे सारतात, मनगटाकडे डोळे भरून पाहतात आणि मग खिशातला मोबाइल काढून सांगतात, "पावणेसात!" छत्तीस मिलिमीटरच्या त्या घड्याळात वार, तारीख, महिना, लीप वर्षाचा आकडा, चोवीस तासांची चकती आणि चंद्र असं सगळं बिऱ्हाड दाटीवाटीनं नांदतं. त्यात चष्म्याशिवाय काटे कुठून सापडणार?

घड्याळ पाटेक फिलिपचं, मॉडेल 3940. नानांच्या पत्नी, म्हणजे आमच्या ताई, त्याला 'पाटील' म्हणतात. भोसरीचा कारखाना विकला त्या वर्षी नानांनी ते घेतलं. पण 'घेतलं' म्हणायचं नाही. 'मिळालं' म्हणायचं. घड्याळही म्हणायचं नाही, 'पीस' म्हणायचं. हे मॉडेल 1985 साली आलं, त्यातले पहिले पंचवीस पीस झुरिकच्या बायर या दुकानाच्या सव्वादोनशेव्या वर्षासाठी नंबर घालून केले होते, हे नानांनी मला तीन लग्नांत आणि एका बाराव्याला सांगितलं आहे. त्यांचा पीस त्या पंचविसांतला नाही. हे ते चौथ्यांदा सांगतील.

"पर्पेच्युअल कॅलेंडर म्हणजे काय रे," ते श्रीखंडाची वाटी बाजूला ठेवून सुरू करतात. "आत महिन्यांची खाचांची चकती असते. खाच जितकी खोल, तितका महिना लहान. तीस, एकतीस, अठ्ठावीस, एकोणतीस, सगळं त्याचं त्याला कळतं. हात लावायला नको!"

हात लावायला नको हे मात्र शब्दशः खरं. अठ्ठेचाळीस तास मनगटावर नसलं की हे सर्वज्ञ गप्प होतं. मग कडेच्या बारीक खळग्यांत टोकदार काडी खुपसून वार, तारीख, चंद्र एकेक करून जागेवर आणायचे. तेही रात्री नाही. मध्यरात्री तारीख पालटायची म्हणून चाकं आधीच एकमेकांत गुंतलेली असतात. तेव्हा काडी लावली तर आतलं काहीतरी मोडतं. नानांच्या घरी ग्रहणं पाळत नाहीत, पण रात्री नऊनंतर 'पाटला'ला कुणी शिवत नाही.

एका दिवाळीत ताईंनी चांदीच्या भांड्यांबरोबर तेही घासायला घेतलं होतं. नाना असे धावले, की तसे ते स्वतःच्या मुलामागेही कधी धावले नव्हते. ओरखडे असलेली केस म्हणजे अस्सल, पॉलिश केली की भाव पडला. घरातली सगळी पितळ-तांब्याची भांडी लख्ख ठेवणाऱ्या बाईला हे पटवणं सोपं नव्हतं. त्यात नानांनी भर घातली, की 2016 साली जिनिव्हाच्या लिलावात याच कंपनीचं 1518 हे जुनं मॉडेल एक कोटी दहा लाख स्विस फ्रँकना गेलं, आणि ते साध्या स्टीलचं होतं.

"सोन्याचं नव्हतं?"

"सोन्याची पुष्कळ आहेत. स्टीलची चारच ठाऊक आहेत."

"मग माझे स्टीलचे डबेही चारच उरलेत," ताई म्हणाल्या.

खरी फजिती संकष्टीला. ताई उपाशी, नाना तबकडीतला चंद्र दाखवताहेत: एकशेबावीस वर्षांत फक्त एका दिवसाचा फरक! "अहो, पण उगवणार किती वाजता?" तबकडी मुकी. ताई स्वयंपाकघराच्या दारामागच्या कालनिर्णयकडे गेल्या आणि मिनिटासकट वेळ घेऊन आल्या. 2023 चा अधिक श्रावणही 'पाटला'ला कळला नव्हता. कालनिर्णयला कळला होता, शिवाय त्याच्यावर दुधाचा हिशेबही होता.

स्वतःच्या कॅलेंडरातलीही एक गोष्ट मात्र 'पाटला'ला खरंच जमत नाही. 2100 ला चारनं भाग जातो, पण ते लीप वर्ष नाही. घड्याळ त्या फेब्रुवारीला एकोणतीस दिवस देणार आणि 1 मार्चला कुणीतरी हातानं तारीख पुढे सरकवायला हवी. नानांनी हे मृत्युपत्रात नातवाच्या नावे लिहून ठेवलंय. काडीही त्याच पाकिटात आहे. नातू सध्या सहा वर्षांचा आहे आणि त्याला काट्यांचं घड्याळ वाचता येत नाही.

घरी चोरीची भीती, म्हणून गेल्या महिन्यापासून 'पाटील' बँकेच्या लॉकरमध्ये आहे. तिसऱ्या दिवशी बंद पडलं असणारच. मी पाहून ठेवलंय, 1 मार्च 2100 ला सोमवार येतो. बँका उघड्या असतील.