गाडीची निगा : नवशिक्यांसाठी

गाडीची निगा राखायची ती बघणाऱ्यांसाठी, हे नवशिक्याने सुरुवातीलाच पक्कं करून घ्यावं. पार्किंगमध्ये उभं राहून जे दिसतं ते चकचकीत हवं. जे दिसत नाही ते गाडीचं गाडीने बघून घ्यावं. एवढं पटलं की पुढचं सगळं सोपं आहे.

निगेला शोरूमच्या दारातच सुरुवात होते. चाकांखाली लिंबं ठेवून ती चिरडावीत, बॉनेटवर ओल्या कुंकवाने स्वस्तिक काढावं आणि ते पुसू नये. पांढऱ्या रंगावर आठवडाभर उन्हात राहिलेल्या कुंकवाची गुलाबी छटा सहजी जात नाही. मॉलच्या पार्किंगमध्ये आपली गाडी शोधायला ती उपयोगी पडते. सीटवरचं प्लास्टिक काढण्याचा विचारही मनात आणू नये. मे महिन्यात पाठ चिकटेल, पावसाळ्यात ओल खाली कोंडून कुबट वास सुटेल, पण सीट नवीकोरी राहील.

धुणं

गाडी स्वतः धुवायची नसते. सोसायटीत गाड्या पुसायला एक माणूस येतो, त्याला महिना ठरवून द्यावा. तो पहाटे एक बादली आणि एक फडकं घेऊन सुरुवात करतो. आपली गाडी रांगेत विसावी असेल तर तिच्यापर्यंत पोचेस्तोवर बादलीतल्या पाण्याला टपरीवरच्या चहाचा रंग आलेला असतो आणि फडक्यात आधीच्या एकोणीस गाड्यांची रेती बसलेली असते. ते फडकं गोल गोल फिरतं. गाडीच्या रंगावर पारदर्शक लॅकरचा थर असतो, तो माणसाच्या केसाहूनही पातळ. त्यावर या रेतीने बारीक चरे उठतात. सावलीत काही कळत नाही. दुपारच्या उन्हात बॉनेटकडे तिरकं बघितलं की सगळी वर्तुळं चमकू लागतात. त्या माणसाला मात्र बोल लावू नये. लोक ऑफिसला निघायच्या आत, सोसायटीने दिलेल्या एकुलत्या एका नळावर आणि आपण घासाघीस करून ठरवलेल्या पैशांत, त्याने दर गाडीला नवं पाणी घ्यावं अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करणार?

काही विक्षिप्त लोक रविवारी सकाळी स्वतः गाडी धुताना दिसतात. ते गाडी सावलीत घेतात, कारण तापलेल्या पत्र्यावर पाणी लगेच सुकून डाग पडतात. आधी नुसतं पाणी ओतून धूळ वाहू देतात. मग दोन बादल्या, एकीत शाम्पू आणि दुसरीत फडकं खळबळायचं साधं पाणी. टपापासून खाली येतात, चाकं शेवटी घेतात, आणि बोअरचं जड पाणी वाळून पांढरे ठिपके उमटायच्या आत मायक्रोफायबरच्या कापडाने टिपून घेतात. एवढं करून पाणी दोन-तीन बादल्याच लागतं, त्यामुळे शेजाऱ्यांना भांडायलाही निमित्त मिळत नाही. अशा माणसाशी बेताने बोलावं. आपण भांड्यांचा साबण वापरतो हे त्याला कळू देऊ नये; त्या साबणाने तेलकटपणाबरोबर रंगावरचं मेणही निघून जातं, यावर तो व्याख्यान देतो.

पाइप लावून गाडी धुण्यात वेगळीच शान आहे, पण पाण्याची वेळ बघून धाडस करावं. मार्च २०२४ मध्ये बेंगळुरूत टंचाई झाली तेव्हा पिण्याच्या पाण्याने गाडी धुणाऱ्याला ५००० रुपये दंड लावला होता. तेवढ्यात एखादा बरा सेकंडहँड टायर येतो.

गाडी कुठे लावायची हा खरा पेच. उन्हात लावली तर डॅशबोर्ड तडकतो, झाडाखाली लावली तर पक्षी. कावळ्या-कबुतरांच्या विष्ठेत युरिक आम्ल असतं आणि उन्हाच्या साथीने ते लॅकरमध्ये खड्डे पाडतं. ओलं फडकं त्यावर थोडा वेळ ठेवून, मऊ पडल्यावर ती अलगद उचलून घ्यायची असते. नवशिक्याने तसं करू नये. वायपर चालू करावा, म्हणजे काचेवर अर्धवर्तुळ तयार होतं, आणि मग नखाने खरवडावं.

गुलमोहराखाली लावणाऱ्यांना पक्ष्यांखेरीज आणखी एक देणगी मिळते. त्याची बारीक पानं पुढच्या काचेखालच्या जाळीत साचतात. या जाळीखालून पावसाचं पाणी बाहेर जायला वाट असते, ती पानांनी बुजते. जुलैत एके दिवशी पाय ठेवायच्या जागी पाणी दिसतं. तेव्हा घरातल्या मुलांच्या पाण्याच्या बाटलीवर संशय घ्यावा, मॅट उन्हात टाकावी, आणि महिनाभर वासाचं मूळ शोधत हिंडावं. बॉनेट उघडून ती पानं हाताने काढायला चहा होईपर्यंतचाही वेळ लागत नाही. पण बॉनेट उघडायचं म्हणजे आधी त्याचा खटका कुठे असतो हे माहीत हवं.

बॉनेट

तो खटका दसऱ्याला सापडतो. वर्षभर मिटलेलं बॉनेट त्या दिवशी उघडतं, ते आत हळदकुंकू वाहायला. आपल्याकडे खंडेनवमी-दसऱ्याला शस्त्रं आणि अवजारं पुजतात. गाडी यंत्र आहे, तिची वर्षातून एकदा पूजा करावी, या चालीला माझी हरकत नाही. उलट यासारखी दुसरी चांगली संधी नाही: गाडी सपाट जागी उभी आहे, इंजिन गार आहे, घरातले सगळे भोवती आहेत. अशा वेळी पिवळी किंवा नारिंगी कडी दिसते, ती ओढली की तेलाची पट्टी बाहेर येते. ती पुसायची, परत घालायची, पुन्हा काढायची. तेल दोन खुणांच्या मधे असेल तर बरं, खालच्या खुणेच्या खाली असेल तर इंजिनाला तेल कमी पडतंय. शेजारच्या अर्धपारदर्शक डब्यात कूलंट दोन रेघांच्या मधे आहे का बघायचं. बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी पूड जमली असेल तर तीही तेव्हाच दिसते. हे सारं आरतीच्या एका कडव्यात उरकतं. पण भटजी खोळंबतात, पेढे वाट बघतात, म्हणून कुंकू वाहून बॉनेट दाणकन बंद करावं.

पुढे झेंडूचा हार घालावा, तो तारेत ओवलेलाच. तार हलली की बॉनेटच्या कडेला चरे पडतात आणि पाकळ्या जाळीतून आत शिरून रेडिएटरवर बसतात. हार दिवाळीपर्यंत काढू नये. गाडी तापली तर रेडिएटरचं झाकण गरम असतानाच उघडू नये, एवढं एक मात्र खरोखर ऐकावं. आत दाबाखाली उकळतं पाणी असतं आणि ते तोंडावर येतं.

उंदरांविषयी थोडक्यात. इंजिनाची ऊब त्यांना आवडते आणि वायरी कुरतडायला बऱ्या पडतात. तंबाखूची पुडी, डांबरगोळ्या, फिनेल हे सगळं लोक करतात; उंदीरही काही दिवस विचार करतात. खालून जाळी बसवून घेणं आणि गाडी आठ-आठ दिवस उभी न ठेवणं याला खर्च आणि कष्ट दोन्ही पडतात, म्हणून डांबरगोळ्याच बऱ्या.

टायर

टायरची तपासणी लाथ मारून करतात. मारणाऱ्याने चेहरा गंभीर ठेवावा. हवेचा योग्य आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर छापलेला असतो, पण तिथे बघायला दार उघडं ठेवून वाकावं लागतं. त्यापेक्षा पंपावरच्या पोराला ‘पस्तीस मार’ म्हणावं, तेही पुण्याहून साताऱ्यापर्यंत चालवून टायर तापल्यावर, म्हणजे आकडा हमखास चुकतो. नायट्रोजन भरायला सांगितलं तर जरूर भरावा; साध्या हवेतही ७८ टक्के तोच असतो हे विचारात घेऊ नये. टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे कोरलेले असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. खोबणीत लहान उंचवटे असतात, नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली म्हणजे १.६ मिलिमीटर उरली आणि टायर संपला. पण काळा आहे, गोल आहे, चालतोय, असं म्हणून एक पावसाळा आणखी काढावा. स्टेपनीत हवा आहे की नाही हे ताम्हिणी घाटात कळतं.

कोकणात गेल्यावर गाडी वाळूत उतरवून फोटो काढावा. ओहोटीला गाडी सहज जाते, भरतीला ट्रॅक्टर शोधावा लागतो. गाडी बाहेर निघाली की तांबडी माती आणि मीठ अंगावर घेऊन तशीच घरी आणावी, आणि धुताना वरूनच धुवावी. खालचा पत्रा साध्या पाण्याने धुतला तर गंज टळतो, पण तो कोणाला दिसतो?

सर्व्हिसिंग

सल्लागार टाय लावून येतो आणि हातातल्या टॅबलेटकडे बघत विचारतो, “सर, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग करून घेऊ? एसी डिसइन्फेक्ट? टेफ्लॉन?” यावर ‘जे आवश्यक असेल ते करा’ असं म्हणावं. बिल भरताना या वाक्याची किंमत कळते. एसीचा फिल्टर बहुतेक गाड्यांत ग्लोव्हबॉक्सच्या मागे असतो आणि हाताने बदलता येतो, हे तिथे बोलून दाखवू नये. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, म्हणून ते साधारण दोन वर्षांनी बदलायचं असतं. नेमकं तेवढंच नको म्हणून पैसे वाचवावेत, कारण टेफ्लॉन दिसतं आणि ब्रेक ऑइल दिसत नाही. पीयूसीची तारीख पोलिसाने अडवल्यावर बघावी. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात दंड दहा हजारांपर्यंत आहे, तेव्हा बोलायला विषय मिळतो.

विक्री

गाडीची खरी निगा विकण्याच्या आधीच्या आठवड्यात राखतात. तेल बदलतं, टायर नवे येतात, पॉलिश होऊन वर्तुळं जातात, वायपरला रबर मिळतं, कुबट वासाचं मूळही सापडतं. सीटवरचं प्लास्टिक निघतं आणि आतली सीट बघून घरातलेच हळहळतात. गिऱ्हाईक येतं ते गॅरेजवाल्या मित्राला घेऊन. हा मित्र रंगाकडे बघत नाही, सरळ बॉनेट उघडून तेलाची पट्टी ओढतो, मग वाकून टायरवरचे चार आकडे वाचतो. त्याने सर्व्हिसच्या पावत्या मागितल्या तर ‘घरी कुठेतरी आहेत, शोधून पाठवतो’ असं म्हणून चहा मागवावा.