पौरुषाच्या शिरा

ज्या अवयवांवर पौरुषाचा सारा डोलारा उभा असल्याचे मानले जाते, ते निसर्गाने देहाबाहेर एका पातळ थैलीत लटकवून ठेवले आहेत, आणि त्यामागचे कारण शौर्याचे नसून निव्वळ तापमानाचे आहे : शुक्राणू तयार होण्यासाठी वृषणांना शरीराहून 2-3 अंश कमी उष्णता लागते. वृषणांतून रक्त परत नेणाऱ्या शिरांचे जाळे हा गारवा राखते. परंतु शिरांच्या झडपा निकामी झाल्या की रक्त तुंबते, शिरा फुगतात, आणि या विकाराला व्हेरिकोसील म्हणतात. दुखणे बहुधा डावीकडचेच असते, कारण डावी वृषणशीर लांबलचक असून मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात जाऊन मिळते. रुग्णाला उभे करून, श्वास कोंडून कुंथायला लावले की या शिरा गांडुळांच्या पिशवीसारख्या बोटांना लागतात; उपमा पाठ्यपुस्तकातलीच आहे आणि ती सुचलेल्या विद्वानाने रुग्णाच्या स्वाभिमानाची फारशी पर्वा केलेली दिसत नाही.

सुमारे 15 टक्के पुरुषांत आढळणारा हा विकार पुष्कळांना आयुष्यभर कळतही नाही. मूल होत नाही म्हणून तपासलेल्या पुरुषांत मात्र तो कितीतरी अधिक सापडतो, अर्थात सुनेच्या साऱ्या तपासण्या, नवस आणि एखादा सत्यनारायण उरकल्यावर चिरंजीवांच्या वीर्यतपासणीची पाळी आली तर. 1950च्या दशकात एडिनबरोच्या टलॉक या शल्यचिकित्सकाने वीर्यात एकही शुक्राणू नसलेल्या रुग्णावर व्हेरिकोसीलची शस्त्रक्रिया केली, त्याला पुढे अपत्य झाले, आणि तेव्हापासून या शिरांना वंध्यत्वचिकित्सेत मानाचे पान मिळाले.

आता जांघेजवळ लहानसा छेद घेऊन, सूक्ष्मदर्शकाखाली धमनी व लसवाहिन्या सांभाळत फुगलेल्या शिरा बांधतात. लसवाहिन्या वाचल्याने वृषणाभोवती पाणी साचण्याचा, म्हणजे हायड्रोसीलचा, धोका बराच घटतो. शुक्राणू घडायला अडीच महिन्यांच्या आसपास लागत असल्याने फरक तीन महिन्यांनी मोजायचा असतो, जरी रुग्ण टाके निघण्यापूर्वीच निकाल विचारू लागतो. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषसंप्रेरक आधी कमी असेल तर सरासरीने वाढते, मुळात ठीक असेल तर फारसे हलत नाही. कामेच्छा व ताठरता काहींत सुधारते, पण तिची हमी कोणताही शहाणा शल्यचिकित्सक देत नाही, आणि दार लावून, आवाज खाली आणून विचारलेला प्रश्न नेमका तोच असतो. बाहेर मात्र शेजाऱ्यांना ‘हर्नियाचे ऑपरेशन’ सांगितले जाते, जड उचलण्याची मनाई दोन्हींत सारखीच असल्याने ते खपूनही जाते, आणि गॅसचा सिलिंडर काही आठवडे सूनबाईच सरकवते.