गांडुळाला काम करू द्या

बेंगळुरूत इब्लूरच्या चौकात रोज संध्याकाळी ब्रेकवर पाय ठेवून बसणाऱ्या माणसाला पाण्याकाठी गळ टाकून बसणं जड जाऊ नये, असं कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात जातं. चौकात निदान हॉर्न तरी वाजवता येतो.

तरीही सर्जापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीत सध्या गळाची साथ आहे. आधी सायकलींची होती, त्याआधी घरी पाव भाजण्याची. साथ कोणतीही असो, सामान आधी येतं. लवलवती काठी, चार-सहा पौंडांचा तंगूस, आठ-दहा नंबरचे गळ. गळाचा नंबर वाढतो तसा गळ लहान होत जातो. दरवर्षी पगारवाढीची सवय असलेल्यांना हे पचायला वेळ लागतो. या पद्धतीला जाणकार ‘फिनेस’ म्हणतात. तिच्यात सगळंच हलकं घ्यायचं असतं: दोरा, शिसं, गळ आणि जमल्यास स्वतःलाही.

‘ड्रॉप शॉट’ ही त्यातली लाडकी मांडणी. शिसं दोऱ्याच्या अगदी टोकाला, आणि गळ त्याच्या वीतभर वर, दोऱ्यातच आडवा बांधलेला. शिसं चिखलात बसतं, आमिष मात्र चिखलाच्या वर, माशाच्या नजरेसमोर झुलत राहतं. दुकानात लसणाच्या वासाचे रबरी किडे मिळतात, पण खऱ्या गांडुळाची सर त्यांना नाही. शिवाय ते आमच्या खतखड्ड्यात फुकट मिळतं. ओला कचरा मोठ्या सोसायट्यांनी आवारातच जिरवायचा असतो, त्या नियमाचा हा उपफायदा. माळ्यानं पहिल्यांदा मागणी ऐकली तेव्हा चेहऱ्यावरची रेष न हलवता विचारलं, “एष्टु बेकु, सर?” किती हवीत, एवढाच त्याचा प्रश्न. साहेब लोक कशाचं काय करतात, हे विचारणं त्यानं केव्हाच सोडलं आहे.

एवढा हलकेपणा कशासाठी, तर माशाच्या खाण्याच्या पद्धतीसाठी. मासा आमिषाचा लचका तोडतो, हे आपल्याला वाटतं. गोड्या पाण्यातले पुष्कळसे मासे झटकन तोंड उघडतात. आतली पोकळी मोठी झाली की पाणी आत धावतं आणि त्याच्यासोबत आमिषही. जड शिसं बांधलेलं आमिष तसं धावत नाही. जराशी ओढ जाणवली की मासा ते तेवढ्याच चपळाईनं थुंकून मोकळा. शिवाय अंगाच्या दोन्ही बाजूंनी गेलेल्या संवेदनरेषेमुळे पाण्यातली बारीक थरथर त्याला कळते. रोहू-कटल्याला तर वाताशयापासून कानापर्यंत इवल्या हाडांची साखळीच असते. आपण काठावर पाय आपटला तरी बातमी पोचते.

म्हणून सगळी कला काही न करण्याची. गांडुळाच्या अंगावर एक जाडसर पट्टा असतो, तिथे एकदाच टोचायचं. दोन्ही टोकं मोकळी राहिली की पुढचं तेच बघतं. एक टोक उंचावून चाचपडतं, दुसरं गुंडाळतं, मग क्षणभर विसावा आणि पुन्हा अदलाबदल. चार ठिकाणी ओवून त्याचा गोळा केला, तर वळवळ संपली. आपण काठी धरून गप्प राहायचं. नेमके इथेच आमच्यातले मॅनेजर हरतात. दर दोन मिनिटांनी दोरा उचलून ते प्रगती विचारतात.

आता पाणी. सर्जापूर रोडला ते कमी नाही. बेळ्ळंदूरचं तळं आहे, पण ते 2017 आणि 2018 मध्ये चक्क पेटलं होतं. तिथला मासा शिजूनच वर आला असता. कैकोंड्रहळ्ळीचं तळं नागरिकांनी आणि महापालिकेनं मिळून पुन्हा जिवंत केलं, पण तिथे पहिला मान पाणकावळ्यांचा आणि पेलिकनांचा. शहरातल्या बऱ्याच तळ्यांची मासेमारी ठेक्यानं जाते. त्यामुळे आमची मंडळी पैसे भरून बसू देणारं शहराबाहेरचं खासगी तळं गाठतात. तिथे भेटते उजनीच्या काठावर वाढलेल्या माणसाची जुनी ओळखीची चिलापी. ही मूळची आफ्रिकेतली, भारतात 1952 मध्ये आणलेली. मादी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते आणि तेवढे दिवस जवळजवळ उपाशी राहते. अशा बाळंतिणीपुढे कितीही गुबगुबीत गांडूळ नाचवा, उपयोग नाही.

हा उद्योग आयटीवाल्यांनी काढला, असं मात्र समजू नये. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानं बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ रचला, त्यात राजाच्या करमणुकींमध्ये ‘मत्स्यविनोद’ हाही विषय आहे. माशांच्या जाती, त्यांचं खाणं, गळ टाकण्याची रीत, सगळं बैजवार. राजाला ठेकेदार आडवा येत नसावा, हा फरक सोडला तर हौस तीच.

परवा शेजारच्या काकूंनी चौकशी केली. काकू पक्क्या शाकाहारी.

“पकडलेल्या माशाचं करता काय रे?”

“सोडून देतो, काकू. गळाचा उलटा काटा दाबून टाकलेला असतो, पटकन निघतो. आणि हात ओले करूनच धरतो, म्हणजे त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर जात नाही.”

“छान. आणि गांडुळाचं?”

यावर कोणाकडेच उत्तर नव्हतं. नाजूकपणाचा सगळा हिशेब माशापुरता होता. ज्याच्या जिवावर हा खेळ चालतो, त्याची त्यात नोंदच नव्हती. फोटो आपला, सुटका माशाची, आणि गांडूळ कामी आलं.

आता एक तोड निघाली आहे. बारीक रबरी कडी गांडुळाच्या कमरेला करदोट्यासारखी चढवायची आणि गळ त्या कडीत अडकवायचा. टोचाटोची नाही. पाळी संपली की कडी उतरवून त्याला पुन्हा खतावर रुजू करून घ्यायचं. काकूंना योजना मनापासून पसंत आहे. माळ्याचीही हरकत नाही. फक्त माशाची संमती यायची राहिली आहे.