शिडी आधी, रस्ता सवडीने

उपनगराला उंच शिडीची गाडी हवी, याबद्दल पुण्यात आता दुमत उरलेलं नाही. पुण्यात दुमत नसणं हीच खरं तर चौकशी लावण्याजोगी बाब. पण शिडीचं प्रकरण वेगळं आहे. बिल्डरला ती हवी, कारण माहितीपत्रकात एक ओळ वाढते. सोसायटीला हवी, कारण तिचे पैसे मेंटेनन्समधून जायचे नाहीत. निवडणुकीतल्या इच्छुकांना हवी, कारण ड्रेनेज लाइन जमिनीखाली गाडली जाते, शिडी मात्र फ्लेक्सवर झळकते. राहता राहिलं अग्निशमन दल. त्यांना विचारायचं राहून गेलं, पण ते नाही कशाला म्हणतील?

तेव्हा प्रश्न एवढाच, की शिडी कुठली घ्यायची.

बाजारात ढोबळमानाने दोन जाती आहेत. एक सरळसोट लांबत जाणारी आणि बुडाशी गोल फिरणारी. दलातली माणसं तिला टीटीएल म्हणतात. जर्मनीतल्या उल्म गावच्या मागिरुसचं नाव या जातीत मोठं. दुसरी कोपरात वाकणारी, टोकाला पिंजरा असलेली. ती फिनलंडच्या ब्रॉन्टोची, आणि जवानांच्या तोंडी नुसती ‘ब्रॉन्टो’. पहिली चटकन उभी राहते. दुसरी मधल्या अडथळ्यावरून वाकून पलीकडे जाते, पिंजऱ्यात माणसंही घेते, पण तिला पाय पसरायला जागा लागते. आपल्या उपनगरात जागा किती, अडथळे कसले, वर्दी मिळाल्यापासून पोचायला वेळ किती, हे बघून यातली एक निवडायची असते.

हे सगळं शिडी निवड समितीपुढे बोलायचं नाही. समितीला मीटर कळतात. बेचाळीस की सत्तर, एवढाच विषय असतो. मग कुणीतरी मुंबईच्या दलाकडे ९० मीटरची असल्याचं सांगतं आणि सत्तरवाली तिथल्या तिथे ठेंगणी होते. फिनलंडवाले ११२ मीटरचीही बनवतात, ही माहिती अद्याप समितीपर्यंत पोचलेली नाही. कृपया कुणी पोचवू नये.

आता जरा हिशेब. मजल्याला तीन मीटर धरले तर ७० मीटर म्हणजे तेवीसेक मजले. तेही गाडी भिंतीला खेटून उभी राहिली तर, आणि ती तशी उभी राहत नसते. इकडे खराडी, मुंढवा, बालेवाडीकडे चाळीस मजल्यांची भाषा चालू आहे. वरच्या सतरा मजल्यांनी काय करायचं? काही नाही. त्यांनी मजल्यागणिक फ्लोअर राइज मोजून शिडीच्या पलीकडची जागा राजीखुशीने विकत घेतलेली आहे.

शिडी निवडून झाली, आली, आणि एका रात्री वर्दीवर निघाली असं धरू. रस्त्याबद्दल बोलत नाही; तो विषय पुणेकरांना नवा नाही. थेट सोसायटीच्या गेटवर येऊ. राष्ट्रीय बांधकाम संहिता म्हणते, उंच इमारतीचं प्रवेशद्वार निदान सहा मीटर रुंद हवं, वर कमान असेल तर खाली साडेचार मीटर मोकळे हवेत, आणि आतली मोकळी जागा ४५ टनांची गाडी पेलणारी हवी. आमच्याकडे गेटवर रोमन खांबांची कमान असते आणि कमानीखाली बूम बॅरियर. शेजारच्या केबिनमधला वॉचमन टॅब घेऊन पुढे येतो आणि विचारतो, “कुठल्या फ्लॅटला?” फ्लॅट नंबर सांगितला की तो ॲपवर रिक्वेस्ट टाकतो. फ्लॅटवाले उचलत नाहीत. ते बाल्कनीत उभे राहून टॉवेल हलवत असतात.

गाडी आत शिरलीच तर खाली सुबक पेव्हर ब्लॉक, ब्लॉकखाली पोडियमचा स्लॅब आणि स्लॅबखाली दोन मजले पार्किंग. शिडीच्या गाडीला चार लोखंडी पाय असतात, त्यांना जॅक म्हणतात. ते चारही बाजूंना पसरायचे, प्रत्येकाखाली जाड फळी सरकवायची, गाडी सपाट करून घ्यायची. चारी पाय पक्के बसल्याशिवाय यंत्र शिडीला हलूच देत नाही. तीन पाय बसतात. चौथ्या पायाच्या जागी एक पांढरी एसयूव्ही उभी असते. तिचे मालक चौदाव्या मजल्यावर, किल्ली त्यांच्या खिशात, आणि शिडी आलेली असते त्यांनाच उतरवायला.

उंचीचा प्रश्न या शहरात पोटतिडकीने चर्चिला गेला तो २०२१ मध्ये, लकडी पुलावरून जाणाऱ्या मेट्रोच्या वेळी. विसर्जन मिरवणुकीतले रथ खालून कसे जाणार, म्हणून मंडळं उभी राहिली आणि काम काही काळ थांबलं. हायड्रॉलिक म्हणजे काय, किती फुटांवर देखावा खाली घ्यायचा, याचं ज्ञान त्या दिवसांत पेठेतल्या पोराटोरांना झालं. माझी सूचना आहे, शिडी निवड समितीत मंडळांचे दोन कार्यकर्ते घ्यावेत. तारा कुठे लोंबतात आणि कुठल्या वळणावर गाडी अडते, हे त्यांच्याइतकं कुणालाच पाठ नसतं.

परदेशातही असंच चालतं म्हणा. लंडनच्या २४ मजली ग्रेनफेल टॉवरला जून २०१७ मध्ये आग लागली, ७२ माणसं गेली. पुढे लंडनच्या दलाने ६४ मीटरच्या शिड्या घेतल्या. चौकशीने मात्र बोट ठेवलं ते इमारतीला बाहेरून लावलेल्या ज्वलनशील आवरणावर. पण आवरणाला हार घालता येत नाही.

तसं पाहिलं तर आपल्याकडे कायदा आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६. त्याप्रमाणे दर जानेवारीत आणि जुलैत इमारतीची आगीची यंत्रणा चालू असल्याचं ‘ब’ नमुन्यातलं प्रमाणपत्र द्यायचं. जिथे शिडी पोचत नाही तिथे हीच यंत्रणा माणूस वाचवते: जिन्याजवळचा पाण्याचा उभा पाइप, खालचा पंप, मजल्यावरची लाल पेटी. आमच्या ओळखीतल्या एका इमारतीत ती पेटी मी उघडून पाहिली. होज पाइप होता. त्याच्या टोकाचा पितळी नोझल कुणीतरी केव्हाच मोडीत घातलेला. रिकाम्या जागेत दोन खराटे, फिनेलचा कॅन आणि गेल्या दिवाळीची लाइटची माळ नीट गुंडाळून. ‘ब’ प्रमाणपत्र लॉबीत फ्रेम करून लावलेलं होतं, तारीख चालू सहामाहीची. २४ मीटरच्या वर जीव मुठीत धरून थांबण्यासाठी जो मोकळा मजला, म्हणजे रेफ्यूज एरिया, ठेवावा लागतो, तिथे टेबल टेनिस छान रंगतं.

बाकी दलाची खरी कामं पाहिली तर शिडी सत्तरची काय नि सातची काय. मांजात अडकलेली घार, जूनमधलं झाडपडीचं सत्र, आतून कडी लागलेलं बाळ. त्यांना गाडीपेक्षा माणसं हवीत. मंजूर पदं आणि हजर माणसं यांची गाठ तिथे वर्षानुवर्षं पडलेली नाही. पण माणसांची भरती कॅमेऱ्याच्या एका क्लिकमध्ये येत नाही.

आणि काळजी नको, शिडी वाया जाणार नाही. सरकारी वाहन १५ वर्षांनी भंगारात काढायचं, असा केंद्राचा नियम एप्रिल २०२३ पासून आहे. आपली शिडी तेव्हा किलोमीटरच्या काट्यावर जवळजवळ कोरी असेल. भंगारवाल्याला असा माल रोज मिळत नाही.

उद्घाटनाची तयारी झालेली आहे. नारळ, हार, पिंजऱ्यात तीन मान्यवर. चौथ्याने वजनाच्या मर्यादेवरून नाराजी व्यक्त केली आहे. एक अडचण कालच लक्षात आली: उपनगरातल्या केंद्राची शेड साध्या बंबाच्या मापाने बांधलेली असून शिडीची गाडी तिच्यात जात नाही. ती तूर्त बाहेर उभी राहील. ताडपत्रीची निविदा पुढच्या महिन्यात.