त्रेसष्ट टक्के

जिन्यात अप्पा भेटले की "काय, बरं आहे ना?" असं विचारायची सोय उरलेली नाही. "त्रेसष्ट," असं उत्तर येतं. पहिल्यांदा मला वाटलं, वय सांगताहेत. मग वाटलं, वजन. आता सोसायटीत सगळ्यांना ठाऊक आहे की तो आकडा खाली पार्किंगातल्या, जेमतेम तीन मीटर लांबीच्या, हिरव्या पाटीच्या गाडीच्या बॅटरीचा असतो आणि अप्पांची तब्येत त्यावरून ओळखायची असते. पन्नासच्या खाली असताना गणपतीची वर्गणीसुद्धा कुणी मागत नाही.

हा माणूस पूर्वी असा नव्हता. स्कूटरवर होते तेव्हा टाकीत पेट्रोल आहे की नाही, हे त्यांना गाडी बंद पडल्यावरच कळायचं. मग भर कर्वे रस्त्यावर स्कूटर आडवी करायची, पुन्हा उभी करायची, किक मारायची आणि शीळ घालत कॅम्पातलं ऑफिस गाठायचं. आता तेच अप्पा रात्री दोनदा उठून पार्किंगात जातात आणि दिवा लागलाय का ते बघून येतात.

खरं तर चिंतेचं कारणच नाही. कोथरूड ते कॅम्प, जाऊन-येऊन वीसेक किलोमीटर. बॅटरी १७.३ युनिटची. कागदावर गाडी २३० किलोमीटर जाते. रस्त्यावर दीडशे धरले तरी सोमवारची वायर शनिवारपर्यंत पुरावी. पण ऐंशीच्या वर भरायची नाही, कारण बॅटरीचं आयुष्य कमी होतं, आणि चाळीसच्या खाली उतरू द्यायची नाही, कारण अप्पांचं. त्या २३०बद्दल मात्र त्यांची तक्रार नाही. असे आकडे रोलरवर गाडी चालवून काढतात, आणि ज्या एआरएआय संस्थेत असल्या चाचण्या होतात तिच्याच टेकडीवर अप्पा रोज फिरायला जातात. "रोलरला चढ नसतो, खड्डा नसतो," ते मला समजावतात, "आणि शेजारी एसी लाव म्हणणारी तुझी वहिनी नसते."

उतार हे त्यांचं नवं दैवत. उतारावर पाय उचलला की मोटर सायकलच्या डायनामोसारखी वीज तयार करते आणि ती बॅटरीत परत जाते. त्यामुळे घरी येताना अप्पा मुद्दाम चांदणी चौकात जाऊन तिथून कोथरूड डेपोपर्यंत उतरतात. "एक टक्का कमावला!" असं म्हणत वर येतात. चौकापर्यंत चढायला किती गेले, हे मी एकदा विचारलं. तेव्हापासून तो विषय आम्ही काढत नाही.

मे महिन्यातल्या एका रविवारी हडपसरला साखरपुडा होता. गाडीला दारं दोनच, म्हणून पुढची सीट वाकवून मला मागे भरलं. डिकी नावापुरती, म्हणून आहेराचा कुकर माझ्या मांडीवर. पुढे वहिनी, पैठणीत. एसी बंद. काच चार बोटं उघडायची परवानगी होती. त्याहून जास्त उघडली तर वारा अडतो, असं अप्पांनी कुठेसं वाचलंय. स्वारगेटच्या सिग्नलला त्यांनी रेडिओही बंद केला. वहिनी पंख्याऐवजी पत्रिकेने वारा घेत होत्या.

कार्यालयाच्या दारात मुलीकडच्यांनी गुलाबदाणी पुढे केली. अप्पांनी विचारलं, "पंधरा अँपचा पॉइंट कुठंय?"

"अहो, त्रेपन्न आहेत ना अजून?" मी म्हटलं. सतरा किलोमीटरला दहा टक्के गेले होते.

"परत जायचंय," असं म्हणून ते मागच्या बाजूला नाहीसे झाले.

दोनेक तासांनी अंगठी घालताना नवऱ्या मुलाच्या कपाळावरून घाम मुलीच्या हातावर टपकत होता. गुरुजींनी उपरणं सोडलं होतं. स्टेजशेजारचा पिंपाएवढा कूलर मुकाट उभा होता आणि मुलीचा मामा त्याला थापट्या मारत होता. वहिनींना काय वाटलं कोण जाणे, त्या उठल्या आणि कूलरच्या मागे डोकावल्या. कूलरची पिन जमिनीवर पडली होती आणि तिच्या जागेवरून निघालेली जाड वायर खिडकीतून बाहेर गेली होती. वायरीच्या दुसऱ्या टोकाला अप्पा बॉनेटवर हात ठेवून उभे होते, आजाऱ्याचा ताप बघावा तसे.

वहिनी एक अक्षर बोलल्या नाहीत. पिन जागेवर लावली, जेवल्या, पर्स उचलली आणि रिक्षा केली. मी कुकर देऊन टाकल्यामुळे परतीचा प्रवास मला पुढच्या सीटवर, ऐसपैस झाला. स्वारगेट येईपर्यंत अप्पा गप्प होते. मग हळूच म्हणाले, "एकोणऐंशीला काढावी लागली. एक राहिला."

घरी वहिनी अंघोळ करून चहा घेत बसल्या होत्या.

"रिक्षाचे किती झाले?" अप्पांनी विचारलं.

"दोनशे नव्वद."

अप्पांचे ओठ हलले. दहा रुपये युनिट धरलं तर तेवढ्यात रिकामी गाडी दीड वेळा भरली असती. गाडीच्या खर्चाची त्यांची एक वही आहे, किलोमीटरमागे पैसे काढलेली. हे २९० तिच्यात घेतले असते तर वर्षाची सरासरी बिघडली असती.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम वही मागून बघितली. गाडीच्या पानावर काहीच नव्हतं. घरखर्चाच्या पानावर, कुकरच्या खाली, ‘आहेर’ या सदरात ते बसवले होते.